पहिलं वीजबिल, पहिलं गॅसबिल: रकमेचा आकडा येतो कुठून?

नव्या घरात राहायला गेल्यावर महिन्याभरात पहिलं वीजबिल येतं आणि बहुतेक जण त्यातला एकच आकडा बघतात, भरायची रक्कम. खरं तर हा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. त्याआधी तीन गोष्टी बघायच्या: किती युनिट, किती दिवसांचे, आणि रीडिंग खरं घेतलेलं आहे की अंदाजे. या तीन गोष्टी जुळल्या तर पुढचं सगळं गणित सातवीतल्या मुलालाही जमेल असं आहे. त्या जुळल्या नाहीत तर ‘बिल एवढं कसं आलं?’ याचं उत्तर तिथेच सापडतं.

हा लेख महावितरणच्या घरगुती ग्राहकाला धरून लिहिला आहे, कारण महाराष्ट्रात बहुतेकांकडे त्यांचंच बिल येतं. मुंबई शहरात बेस्ट आणि उपनगरांत अदानी किंवा टाटा पॉवर असेल. भांडुप-मुलुंडकडे मात्र महावितरणच आहे. कंपनी बदलली की दर आणि कागदाची मांडणी बदलते, हिशोबाची रीत तीच राहते. या सगळ्यांचे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. गोव्यात सरकारचं वीज खातं आहे, तिथला आयोग वेगळा आणि दरांचे टप्पेही वेगळे.

पायरी १: आधी आपला मीटर गाठा

सोसायटीच्या मीटर रूममध्ये एकसारखे वीस-तीस मीटर ओळीने लावलेले असतात. त्यातला आपला कोणता हे वर लिहिलेल्या फ्लॅट नंबरावरून ठरवू नका, तो खडूने किंवा पेनाने कोणीतरी कधीतरी लिहिलेला असतो. बिलावर मीटर क्रमांक छापलेला असतो, तोच मीटरच्या तोंडावर आहे का ते बघा. जुन्या इमारतींत दोन शेजाऱ्यांच्या तारा अदलाबदल होऊन वर्षानुवर्षं एकमेकांची बिलं भरली जाण्याचे प्रकार घडतात.

खात्री करायची सोपी युक्ती अशी. घरातला मेन स्विच बंद करा आणि कोणाला तरी मीटरजवळ उभं करा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ ‘३२०० इम्पल्स’ असं काही लिहिलं असेल तर दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं असा त्याचा अर्थ. घर पूर्ण बंद असताना तो लुकलुकायचा थांबला पाहिजे. थांबला नाही तर एक तर मीटर तुमचा नाही, किंवा मेन स्विचच्या अलीकडून कोणाची तरी वायर जोडलेली आहे, मग ती जिन्यातल्या दिव्याची असो वा शेजाऱ्याची.

डिजिटल मीटरचा पडदा दर काही सेकंदांनी बदलतो: तारीख, वेळ, व्होल्टेज, कमाल मागणी, असं काय काय दिसत राहतं. आपल्याला हवा तो फक्त केडब्ल्यूएच (kWh, म्हणजेच युनिट) असं लिहिलेला आकडा. घरात शिरताच त्याचा फोटो काढून ठेवा, तारखेसकट. घरमालकाबरोबर पुढे होऊ शकणारे निम्मे वाद या एका फोटोने मिटतात. शिवाय आधीचं बिल भरलेलं आहे ना, हेही त्याच दिवशी ग्राहक क्रमांक टाकून ऑनलाइन बघून घ्या. हा क्रमांक बारा आकडी असतो.

पायरी २: युनिट म्हणजे किती वापर?

एक हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. उपकरणावर वॅट लिहिलेले असतात. त्यांना तासांनी गुणा, हजाराने भागा.

दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. घरात तिघं असतील आणि प्रत्येकासाठी वीस मिनिटं गिझर चालत असेल तर रोज दोन युनिट, महिन्याला साठ. नेहमीचा पंचाहत्तर वॅटचा पंखा रोज दहा तास चालवला तरी महिन्याला साडेबावीस युनिटच होतात. तोच पंखा बीएलडीसी मोटरचा असेल तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. मोबाइलचा चार्जर सॉकेटमध्ये राहिला म्हणून घरात जी रागावारागवी होते तिच्यात हिशोबाच्या दृष्टीने काही दम नाही. पाणी तापवणं, खोली गार करणं, इस्त्री आणि इंडक्शनची शेगडी, म्हणजे जिथे उष्णतेचा संबंध आहे तिथे युनिट जातात.

पायरी ३: युनिटांचे रुपये कसे होतात

दर जवळजवळ दरवर्षी बदलतात, म्हणून तुमच्या बिलामागे किंवा महावितरणच्या संकेतस्थळावर चालू दर बघा. रीत समजण्यासाठी १ एप्रिल २०२४ पासून त्या आर्थिक वर्षात लागू असलेले दर घेऊ. सिंगल फेज घरगुती जोडणीला ते प्रति युनिट असे होते:

० ते १०० युनिट: ४.७१ रुपये
१०१ ते ३००: १०.२९ रुपये
३०१ ते ५००: १४.५५ रुपये
५०० च्या वर: १६.६४ रुपये

याखेरीज प्रत्येक युनिटमागे १.१७ रुपये वहन आकार, म्हणजे वीज तुमच्या दारापर्यंत आणण्याचं भाडं. स्थिर आकार महिन्याला १२८ रुपये, घर कुलूपबंद असलं तरी. आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क, जे राज्य सरकारला जातं. विजेला जीएसटी लागू नाही, त्यामुळे ती ओळ शोधू नका.

समजा महिन्याचा वापर २४० युनिट आहे.

पहिले १०० युनिट: १०० × ४.७१ = ४७१ रुपये
उरलेले १४० युनिट: १४० × १०.२९ = १४४०.६० रुपये
वहन आकार: २४० × १.१७ = २८०.८० रुपये
स्थिर आकार: १२८ रुपये
बेरीज: २३२०.४० रुपये
वीज शुल्क १६ टक्के: ३७१.२६ रुपये
एकूण: २६९१.६६ रुपये

शेवटी ‘पूर्णांक देयक’ म्हणून २६९० छापून येतात. वरची पाच-दहा रुपयांची घट-वाढ पुढच्या बिलात समायोजित होते.

इथे ‘३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो’ हा गैरसमज खोडून टाकू. तसं होत नाही. ३०१ वं युनिट महाग असतं, आधीची तीनशे आपापल्या टप्प्याच्या दरानेच मोजली जातात. म्हणजे ३०१ युनिटांचं बिल ३०० युनिटांपेक्षा फार तर अठरा-एकोणीस रुपयांनी जास्त येतं.

पण याची दुसरी बाजू लोकांच्या लक्षात येत नाही, आणि माझ्या मते बिल समजण्याची खरी किल्ली तीच आहे. बिलाला युनिटांनी भागून ‘मला युनिट अकरा रुपयांना पडतं’ असं आपण म्हणतो. वरच्या उदाहरणात ते बरोबरही आहे. पण बचतीचा हिशोब या सरासरीने करायचा नसतो, शेवटच्या युनिटाच्या किमतीने करायचा असतो. वहन आकार आणि शुल्क धरलं तर वरच्या दरांनी पहिल्या टप्प्यातलं युनिट ६.८२ रुपयांना, दुसऱ्या टप्प्यातलं १३.२९ ला आणि तिसऱ्यातलं १८.२४ ला पडतं. तुम्ही एखादं उपकरण कमी वापरता तेव्हा कापली जातात ती वरची, महाग युनिटं.

आता मघाचा गिझर बघा. २४० युनिट वापरणाऱ्या घरात त्याची साठ युनिटं १३.२९ च्या दराने जवळपास ८०० रुपयांची होतात. किंवा उन्हाळ्यातला एसी घ्या. दीड टनाचा एसी ढोबळमानाने तासाला एक युनिट धरला आणि रात्री आठ तास चालवला तर महिन्याला २४० युनिट. एरवी १५० युनिट वापरणारं घर एकदम ३९० वर जातं. वाढलेल्या युनिटांतली १५० दुसऱ्या टप्प्यात बसतात, वरची ९० तिसऱ्या टप्प्यात. वाढीव खर्च ३६३५ रुपये. युनिटं अडीचपट झाली, बिल मात्र जवळपास साडेतीनपट होतं. मे महिन्यात ‘मीटर पळतोय’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळांचा मीटर पळत नसतो, टप्पा बदललेला असतो.

पायरी ४: दिवस मोजा

रीडिंग बरोबर तीस दिवसांनीच घेतलं जाईल असं नाही. कधी सत्तावीस, कधी पस्तीस. बिलावर मागील आणि चालू रीडिंगच्या तारखा असतात, त्या वजा करा. दिवस जास्त असतील तर टप्पेही त्याच प्रमाणात ताणले गेले पाहिजेत: दीड महिन्याचं रीडिंग असेल तर पहिला टप्पा १०० नव्हे, १५० युनिटांपर्यंत.

हे फार महत्त्वाचं आहे आणि इथेच पैसे जाऊ शकतात. दोन महिन्यांचे मिळून ४८० युनिट आहेत आणि ते एकाच महिन्याच्या टप्प्यांत बसवले, तर वीज आकार, म्हणजे नुसत्या टप्प्यांच्या दराने होणारी रक्कम, ५१४८ रुपये होतो. दोन महिन्यांत नीट विभागले तर ३८२३.२०. शुल्क धरून फरक दीड हजाराच्या वर. म्हणून एखादं बिल मोठ्या काळाचं दिसलं तर भरण्याआधी टप्प्यांचा हिशोब कागदावर मांडून बघाच.

पायरी ५: रीडिंग खरं आहे का?

मीटरच्या स्थितीसमोर काय लिहिलंय ते वाचा. ‘नॉर्मल’ असेल तर प्रत्यक्ष रीडिंग घेतलं गेलं. ‘लॉक’, ‘फॉल्टी’ किंवा रीडिंग मिळालं नाही असा शेरा असेल तर बिल मागच्या वापराच्या सरासरीवर बनवलेलं आहे. सरासरीचं बिल ही चूक नव्हे, तात्पुरती व्यवस्था आहे. पुढे खरं रीडिंग आलं की आधी घेतलेली रक्कम वजा होते, बिलात ती ‘लॉक क्रेडिट’ म्हणून दिसते. ती वजा झाली का, हे बघणं तुमचं काम.

सरासरीचं बिल लागोपाठ येत असेल तर गप्प बसू नका. भाडेकरूंना याचा फटका जास्त बसतो. आधीच्या कुटुंबाच्या वापराची सरासरी तुमच्या माथी येते, किंवा उलट, घर रिकामं असतानाची कमी सरासरी लागत राहते आणि वर्षाने थकलेलं सगळं एकदम वसूल होतं. महावितरणच्या ॲपवर मीटरचा फोटो काढून रीडिंग स्वतः पाठवता येतं. आता बऱ्याच घरांत स्मार्ट मीटर बसले आहेत, त्यांचं रीडिंग आपोआप जातं, त्यामुळे हा गोंधळ कमी व्हायला हवा. तशा मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला युनिटमागे ८० पैशांची सवलत सुरू झाली. कपडे धुण्याचं मशीन आणि इस्त्री दुपारी उरकणं जमत असेल तर उरका.

उरलेल्या ओळी

इंधन समायोजन आकार: वीज खरेदीचा खर्च अंदाजापेक्षा वाढला की युनिटमागे काही पैसे यात येतात. दर महिन्याला बदलू शकतो, कधी शून्यही असतो. ४० पैसे असला तर २४० युनिटांवर ९६ रुपये आणि त्यावर पुन्हा शुल्क. ‘वापर तोच, बिल वाढलं’ याचं कारण पुष्कळदा ही ओळ असते.

थकबाकी: आधीचं न भरलेलं बिल. मुदतीत भरलं नाही तर सव्वा टक्का विलंब आकार लागतो, पुढे व्याजही. उलट बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं तर कर वगळून उरलेल्या रकमेवर एक टक्का सूट मिळते. कागदी बिल नको असं कळवून ई-मेलवर घेतलं तर वर्षाला १२० रुपये वाचतात.

सुरक्षा ठेव: उन्हाळ्याच्या सुमारास एक वेगळं ‘बिल’ येतं आणि नवखा माणूस दचकतो. ते वापराचं बिल नसतं. दरमहा बिल येणाऱ्यांची ठेव सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट असावी असा आयोगाचा नियम आहे. तुमचा वापर वाढला की कमी पडलेली ठेव मागितली जाते. ठेवीवर व्याज मिळतं आणि ते बिलातून वजा होतं. भाड्याचं घर असेल तर ही ठेव घरमालकाच्या नावावर जमा होते, तेव्हा ती कोणी भरायची हे करारातच लिहून घ्या.

आणखी एक. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज आला तर सरळ पुसून टाका. वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे बिल थकलं तरी पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय पुरवठा तोडता येत नाही.

आता गॅस: सिलिंडर असेल तर

सिलिंडरचा हिशोब सरळ आहे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, दर तेल कंपन्या जाहीर करतात, आणि वाहतुकीमुळे तो शहरागणिक थोडा वेगळा असतो. ८ एप्रिल २०२५ ला ५० रुपये वाढून मुंबईत तो ८५२.५० रुपये झाला. पावतीवरच्या किमतीत पाच टक्के जीएसटी आणि घरपोच आणण्याचा खर्च धरलेला असतो. वरचे वीस-तीस रुपये हा आपल्या मर्जीचा भाग.

इथे तपासायचं ते वजन. सिलिंडरच्या गळ्याशी रिकाम्या टाकीचं वजन रंगवलेलं असतं, समजा १५.३. त्यात १४.२ मिळवा, भरलेला सिलिंडर २९.५ किलो भरला पाहिजे. आणणाऱ्याने सोबत वजनकाटा ठेवायचा असतो, मागायला संकोच करू नका. तिथेच ‘बी-२७’ असंही काहीतरी दिसेल. ती टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, अशी चार अक्षरं. मुदत उलटलेला असेल तर परत पाठवा.

पाइप गॅस असेल तर

मुंबई-ठाण्यात महानगर गॅस, पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस. बिल साधारण दोन महिन्यांनी येतं आणि मोजमाप घनमीटरमध्ये असतं. मीटरवर काळे आकडे आणि त्यांच्या उजवीकडे लाल आकडे दिसतील. लाल आकडे दशांशाचे, ते सोडून द्यायचे. ०००४१२ हे काळं आणि ६५७ हे लाल असेल तर तुमचं रीडिंग ४१२, चार लाख बारा हजार नव्हे. स्वतः रीडिंग कळवताना हीच चूक होते आणि मग छातीत धडकी भरवणारं बिल येतं.

पुढचा हिशोब म्हणजे वापर गुणिले दर. विजेसारखे चढते टप्पे डोक्यात धरून इथे गणित करू नका. नैसर्गिक वायू जीएसटीत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट आहे, आणि महाराष्ट्राने तो १ एप्रिल २०२२ पासून साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत महानगर गॅसचा दर घनमीटरला ४९ रुपये होता. दोन महिन्यांत २४ घनमीटर वापरला तर ११७६ रुपये. दर मधेच बदलला तर जुन्या आणि नव्या दराचे दिवस वेगळे काढलेले आहेत का ते बघा.

अंदाजे रीडिंगचा घोळ इथे विजेपेक्षा जास्त, कारण मीटर बहुधा स्वयंपाकघरात असतो आणि रीडिंग घेणारा येतो तेव्हा घराला कुलूप असतं. समजा अंदाजाने २८ घनमीटरचं बिल आलं, आणि चार महिन्यांनी खऱ्या रीडिंगवरून एकूण वापर ४५ निघाला, तर पुढचं बिल फक्त १७ चं येईल. ते कमी आलं म्हणून हुरळून जाऊ नका आणि आधीचं जास्त आलं म्हणून भांडू नका. दोन बिलं मिळून बघा.

पाइप गॅस स्वस्त पडतो का, हा प्रश्न सगळे विचारतात. उष्णतेच्या हिशोबाने एक सिलिंडर म्हणजे साधारण १८ ते १९ घनमीटर पाइप गॅस. ४९ रुपयांनी त्याचे ९०० च्या आसपास होतात. म्हणजे त्या महिन्यातल्या मुंबईच्या दरांनी सिलिंडर आणि पाइप जवळपास बरोबरीत होते, सिलिंडर थोडा स्वस्तच. पाइपचा खरा फायदा सोयीचा आहे: बुकिंग नाही, ऐन पाहुणे आल्यावर गॅस संपणं नाही. त्यासाठी घ्या, बचतीच्या आशेने घेत असाल तर आधी तुमच्या शहरातले दोन्ही दर वरच्या गणितात घालून बघा.

बिल चुकलंय असं वाटलं तर

आधी त्याच दिवशी मीटरचा फोटो काढा. फोटोतलं रीडिंग बिलावरच्या चालू रीडिंगपेक्षा कमी असेल तर चूक उघड आहे. तक्रार लेखी किंवा ॲपवर करा आणि क्रमांक जपून ठेवा, नुसत्या फोनवरच्या बोलण्याला पुढे कोणी विचारत नाही. विजेसाठी १९१२ वर नोंद करता येते. उपविभागीय कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि त्यावर विद्युत लोकपाल, मुंबई आणि नागपूर इथे. मंचाकडे जायला वकील लागत नाही. वाद चालू असताना बिल अजिबात न भरणं मात्र टाळा. निषेध नोंदवून भरलं तर वीज तुटत नाही आणि हक्कही जात नाही.

घर सोडताना वीज आणि गॅस, दोन्ही मीटरांचा फोटो घरमालकाच्या समोर काढा. तो त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. पुढचं बिल आलं की तुमच्या रीडिंगपर्यंतच्या युनिटांचा हिशोब वरच्या रीतीने करून तेवढेच पैसे द्या. गॅसची जोडणी तुमच्या नावावर असेल तर ठेवीची मूळ पावती शोधून ठेवा, परतावा मागताना ती लागते.